बेडकीचा पाला

पहाटे साडेचारला बाबा शटर अर्धंच वर करतात.
पितळी पातेल्याखाली जाळ धरतो,
आणि खलबत्त्यात वेलदोडा फुटल्याचा आवाज
नारायण पेठेत पेपरवाल्याच्या आधी पोचतो.

चाळीस वर्षं पहिला घोट त्यांचाच.
बशीत ओतून, डोळे मिटून,
मग पातेल्याकडे न बघता साखरेची मूठ.
चमचा आमच्या घराण्यात कुणी वापरला नाही.
त्या घोटांची बेरीजही कुणी केली नव्हती.
ती केली पॅथॉलॉजीतल्या पोरानं,
कागद उलटा सरकवत :
जेवणानंतर, दोनशे ऐंशी.

मंडईमागच्या काष्ठौषधीवाल्यानं पुडी बांधली.
"बेडकीचा पाला. गुडमार म्हणा, मधुनाशिनी म्हणा,
साखर पळालीच समजा."
त्याच्या दुकानातून सगळंच पळतं,
मुतखडा, मूळव्याध, शेजाऱ्याची नजर.

मी त्याच पानाच्या मागे तीन वर्षं आहे,
एरंडवण्यातल्या प्रयोगशाळेत.
वाळवते, दळते, अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवते.
नळी हलवली की फेस येतो,
आणि लवकर बसत नाही, हट्टी माणसासारखा.
काचपट्टीवर अर्काची रेघ चढत जाते,
वर फवारा, खाली ऊब,
आणि एक जांभळा ठिपका :
जिम्नेमिक आम्लं. माझी तीन वर्षं
त्या ठिपक्यात मावतात.

"म्हणजे गुण येणार?"
उंदरांना आलाय, बाबा.
माणसांचे पुरावे थोडे आहेत,
आणि ते एका सुरात बोलत नाहीत.
"उंदीर चहा पितात का?"
नाही.
"मग त्यांचं मला काय सांगतेस, हंसा."

काढा सुरू झाला.
बेडकी, दालचिनीचा तुकडा, रात्रीची भिजली मेथी.
गोळीही होतीच.
डॉक्टरांना काढ्याबद्दल बोलले नाहीत,
माझ्याशी दोन्हींबद्दल.

त्या आठवड्यात चहा गोड होत गेला.
काढ्यानंतरच्या घोटाला गोडी लागेना,
म्हणून एक मूठ, म्हणून अजून अर्धी.
सहस्रबुद्धे काकांनी कप खाली ठेवला :
"दवेशेठ, साखर स्वस्त झाली काय?
आम्ही चहा सांगितला होता. पाक नाही."
बाबा हसले नाहीत.
जन्मात पहिल्यांदा त्यांना
कुणीतरी हिशेब विचारला होता.

मग जानेवारीतली ती पहाट.
ओगराळं हातातून पडलं.
एवढ्या थंडीत सदरा पाठीला चिकटलेला,
बोटं खलबत्ता शोधत होती, भलतीकडेच.
मी डब्यातली साखर त्यांच्या तोंडात कोंबली.
त्यांनी चावली, तोंड वाकडं केलं :
"वाळू का घालतेस गं?"

जिभेनं ओळख दिली नाही
तरी साखर आत गेली,
मागच्या दारानं, न बोलता.
दहा-बारा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं,
"दूध उतू गेलं का?"
गेलं होतं.

डॉक्टर रेगे एवढंच म्हणाले,
"औषध समजून घेताय ना?
मग औषधासारखं सांगून घ्या.
दोन-दोन जणांनी ढकलल्यावर
साखर खाली पडणारच."
पुडी आता फळीवर आहे, दोरा बांधलेली.
बंद नाही, बाबा सांगतात, थांबवलाय.

माझ्या वहीत ठिपक्याची उंची आहे,
दशांशानंतर दोन आकडे.
"वाळू" लिहायला रकाना नाही.
मी समासात लिहिलंय, पेन्सिलीनं,
आणि खाली तारीख.

पहिला घोट हल्ली मी घेते.
बशीत ओतून. डोळे मिटायला जमत नाही,
ते समोर उभे असतात,
मूठ साखरेच्या डब्यावर,
परीक्षेला बसल्यासारखे.
"किती?"

आणि मी, दिवसभर मिलिग्रॅममध्ये बोलणारी,
जीभ टाळ्याला लावून बघते :
"अंमळ कमी."