लवकरच

अंबडच्या आमच्या लॅबमध्ये तो आला
राखाडी, रंग न चढवलेला, नाव नसलेला.
पाठीवर चिठ्ठी, तिच्यावर सात अक्षरं-आकडे.
खैरनार साहेबांनी आधी सही घेतली:
आकार सांगायचा नाही, कंपनी नाही,
आला होता हेसुद्धा नाही.

मी त्याला तापवला, गारठवला,
मीटरभरावरून फरशीवर टाकला,
चार्जरला लावून रात्रभर शेजारी बसले,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी.
तिसऱ्या रात्री कॅमेऱ्याखाली बोटभर जागेत
दोन अंश जास्त.
दोनच.
मी लिहिलं.

त्या दोन अंशांत दसरा गेला.
सीबीएसजवळच्या फलकावर तारखेवर
पांढरी पट्टी आली, 'लवकरच' तेवढं उरलं.
कुठेतरी सभागृह रद्द झालं असेल,
कुणा नटीच्या तारखा परत गेल्या असतील.
लोक म्हणाले, चाल आहे कंपनीची,
मुद्दाम ताणतायत.

मग दुसरा नमुना आला. पास झाला.
साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला,
कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही.

भाचा वेदांग जेवता जेवता सांगतो,
मावशी, सरकारी यादीत नंबर आलाय!
म्हणजे महिन्याच्या आत फोन नक्की.
तुला काय कळणार म्हणा,
तू बल्ब तपासतेस ना?
हो, बल्बच. आमटी वाढू?

अप्पा ताटातून वर बघतात.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये,
रोज गेटवर खिसे उलटे करून घरी.
नवी नोट निघाली की बागूल वाण्याकडून
सुट्ट्यांत येईतो थांबायचे,
मग उजेडात धरून उलटीपालटी करायचे.
आई विचारायची, रंग बरा आहे ना हो?
बरा दिसतोय, म्हणायचे,
परक्याच्या बाळाला म्हणावं तसं.

आज धनत्रयोदशी. एम. जी. रोडवर
वेदांगबरोबर तासभर रांगेत.
काचेवर तो.
निळा.
निळा ठरवला तर त्यांनी.

काउंटरवरचा पोरगा शिकवतो, मॅडम, असा धरा.
धरते. अंगठा आपणहून सरकतो
कॅमेऱ्याखाली, त्या बोटभर जागेवर.
गार आहे.

"आधी वापरलाय का तुम्ही?"
छे, म्हणते,
आजच तर आलाय.