एक नंबर

पहाटे पावणेपाचला, पाथर्डी फाट्यावर,
माझी नव्व्याण्णव सालची झेन
खोकत खोकत सुरू होते
आणि हीटरचा नॉब मी सवयीनं फिरवते.
एक. काही नाही.
दोन. काही नाही.
तीन.
चारवर मात्र डॅशबोर्डच्या पोटात
कुणीतरी फरशीवरून लोखंडी खुर्ची ओढतं
आणि केस करपल्याचा वास येतो.
बंद.
निफाडला पारा चारवर आलाय म्हणे.
म्हणजे तिकडेही चारच नंबर चालतोय.

सात वाजेपर्यंत नऊ घरं.
उपाशीपोटी बसलेली माणसं,
स्वेटरची एकच बाही वर करून.
मी रक्त न्यायला येते याचं कुणाला काही नाही,
माझ्या बोटांना भितात.
शीर मला मोज्याआडून सापडत नाही,
आधी उघड्या बोटानं चाचपावी लागते.
गंगापूर रोडच्या बोरस्ते बाई,
आयुष्यभर गणित शिकवलेल्या,
बोट लागलं की दचकतात.
"अगं, सुई परवडली."
तोवर शीर आत गेलेली असते,
शिंग ओढून घेणाऱ्या गोगलगायीसारखी.

वडाळा नाक्यावर मुश्ताकभाईंनी
खाली वाकूनही न बघता सांगितलं,
"मॅडम, मोटर गेली. बावीसशे.
आणि नाशकात हीटर लागतो किती दिवस? चाळीस?"
मी मनात गुणाकार केला.
चाळीस गुणिले नऊ मनगटं.
त्यांना काही बोलले नाही.

रविवारी पार्किंगमध्ये पोतं अंथरलं,
डोकं पायांच्या जागी, पाय सीटच्या पाठीवर.
दुसऱ्या मजल्यावरचा ओजस टॉर्च धरून,
तोही माझ्या तोंडावर.
कप्पा काढला तेव्हा अंगावर पडलं:
दोन हजार अकराची पीयूसी,
बडीशेपेची पुडी,
एका कानातलं.
मोटरला तीन स्क्रू. दोन निघाले.
तिसरा कुणाचंच ऐकेना.
त्याला शिलाई मशीनचं तेल पाजलं,
चहा घेऊन आले,
मग तो वळला, कुरकुरत,
जणू त्याचंच ठरलं होतं.

आणि मोटर खाली आली ती
कापूस घेऊन.
पांढराशुभ्र. माझा.
माझ्याच किटमधले बोळे, पिंजून, गोल रचून,
मध्ये कुरतडलेला लॅबचा फॉर्म,
"…णकर, वय ६१, उपाशी",
आणि कडेला तीन बेदाणे, उद्यासाठी ठेवलेले.
"उंदीर कुठंय?" ओजस म्हणाला.
गेली असेल, मी म्हटलं. पिल्लांना घेऊन.
मी उंदरीण का म्हटलं, ठाऊक नाही.

चिडायला हवं होतं.
पण तिथं आडवी पडून वाटलं,
या गाडीत ऊब कुठे असायला हवी
हे तिला माझ्याआधी कळलं होतं,
आणि तिनं बावीसशे दिले नव्हते.

कापसात अडकून पंख्यानं जोर लावला,
त्यात रेझिस्टर जळाला.
अंबड लिंक रोडच्या भंगारात एक मिळाला, जुनाच.
दुकानदारानं उजेडात धरून दाखवला,
"ह्याची पहिली कॉइल तुटलीय.
एक नंबर चालणार नाही. म्हणून ऐंशीला."
साठला दे, मी म्हटलं.
पासष्टला दिला.

सोमवारी इंदिरानगरच्या बोगद्यापर्यंत थंडच वारा आला.
इंजिन तापायला वेळ घेतं, माझ्यासारखं.
कॉलेज रोडला पोचता पोचता
दोन नंबरवर
हळूच, धुळीचा वास घेऊन,
कुणी तोंडानं फुंकर घालावी तसं.
बाईंच्या गेटपाशी गाडी सुरूच ठेवली.
जाळीसमोर दोन्ही हात धरले,
आधी तळवे, मग पाठ,
शेकोटीपुढे धरतात तसे.
पेट्रोल जळत होतं. जळू दे.

बोट ठेवलं. बाई दचकल्या नाहीत.
चष्म्यावरून बघत राहिल्या,
आलेलं उत्तर पुन्हा तपासावं तशा.
"आज कुणी दुसरी आली की काय?"

शीर जागेवरच होती.

कापसाचा तो गोळा
मी पार्किंगमधल्या तुटक्या कुंडीत ठेवलाय.
बेदाणे परवापर्यंत तीन होते.
आज दोन.