पाट्या

ऑगस्टातला गारठलेला मंगळवार, माँटेव्हिडिओ.
तिकीटखिडकीत कोणी नाही.
आता तिकीटच नाही, पहारेकरी सांगतो,
प्राणी कमी झाले तसं पैसे घेणं बंद झालं.
एतेल्विना आत्या तरीही पर्स उघडून उभी,
काखेत थर्मास, हातात येर्बाचा कोरीव भोपळा,
वय एक्क्याऐंशी.
"फुकट कसं जायचं? मी काय चिमणी आहे?"

एकतीस वर्षं ती इथे पाट्या रंगवायची.
प्राणी यायचे जहाजातून, बुडालेल्या सर्कशीतून,
कधी कुणा दिवाळखोराच्या बागेतून,
आणि पिंजऱ्यात पहिलं पाऊल पडायच्या आत
नाव सुकलेलं असायला हवं, असा नियम.
प्राणी मेला की संचालकांची चिठ्ठी.
चिठ्ठीत मेला हा शब्द नसायचा,
"चौदा नंबरची पाटी कोरी करावी", एवढंच.
पांढऱ्या रंगाचा डबा उघडताना
तिला कळायचं कोण गेलं ते.
"पाट्या टाकल्या नाहीत मी," ती म्हणते,
"रंगवल्या."

अस्वलांच्या खड्ड्यात आता कण्हेर आणि दोन बाक.
तळाशी एक मुलगा, शाळा बुडवून,
ट्रम्पेट घोटतोय. आवाज चांगला घुमतो तिथे.
आत्या कठड्यावरून वाकते,
"रोसेंदा!"
मुलगा वर बघतो, थांबतो,
आपलं नाव नाही म्हणून पुन्हा वाजवू लागतो.

हत्तीघराला घुमट आहेत, कमळांचे खांब आहेत.
कुणा इटालियन गवंड्याने पुस्तकातलं चित्र बघून बांधलेलं
भारतातलं देऊळ.
देव नव्हताच. हत्तीण होती,
ती गेली ब्राझीलच्या मोकळ्या रानात, क्रेनने उचलून,
आणि त्या दिवशी, आत्या सांगते,
शहरातले अर्धे लोक रडले,
उरलेल्या अर्ध्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं.
घुमटाखाली आता सहा कार्पिन्चो,
डबक्यात नाकपुड्यांपर्यंत बुडालेले,
जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनांसारखे.
पाटी छापील, प्लास्टिकची.
आत्या नखाने तिची कड खरवडून बघते.
"यांना बघायला कोण येणार? ओढ्याकाठी हिंडतात."
पण हलत नाही तिथून, बराच वेळ.

ऊन तिरपं झालं की जुन्या पाट्या वर येतात.
"लामा"च्या खाली फुगीर रेघा, झेब्रा.
झेब्र्याखाली अजून कुणीतरी, एक शेपटीवालं अक्षर.
मी बोट फिरवतो. ती नाही फिरवत.
"एकदा लॅटिन चुकलं होतं माझं. दोन वर्षं सिंह
चुकीच्या नावाखाली गुरगुरला.
कुणी हरकत घेतली नाही. त्यानेही नाही."

कुणाचं नाव पुसताना जड गेलं?
थर्मासमधून पाणी ओतते, ओढते, भोपळा मला देते.
"जिराफाचं."
मी वाट बघतो.
"पाटी उंच होती. शिडी लागायची."

शेवटचा पिंजरा प्यूमाचा.
दार सताड उघडं, आत वाळका पाला,
पाटीची चौकट आहे, पाटी नाही.
आडव्या गजावर, दिव्याच्या जाळीला टेकून
ओर्नेरोचं घरटं, ओल्या मातीचं, अर्धवट,
दाराला वळण देऊन बांधायला घेतलेलं.
जोडी गजांमधून आत-बाहेर करतेय, चोचीत चिखल.
कुठल्याच वहीत यांची आवक नाही.

आत्या चष्मा पुसते,
अंगठा आणि करंगळी ताणून
चौकट मोजते, एक वीत, दुसरी वीत, चार बोटं.
"सात अक्षरं," ती म्हणते, "पहिलं मुकं."
नदीकडून वारा येतो. ती मफलर आवळते,
पुन्हा एकदा मोजते.
"मावतील."