हेरेगा

मार्साबितच्या कचेरीत पंखा होता, वीज नव्हती.
साहेबांनी अर्ज आधी उलटा धरला, मग सुलटा.
विहीर कुणाच्या नावावर?
म्हातारा बोनाया म्हणाला, तहानेच्या.
साहेब हसले नाहीत.
रकान्यात असलं काही बसत नाही, म्हणाले
आणि पेनाला टोपण लावलं.

मी दुभाषी.
इकडचं तिकडे न्यायचं, वाटेत सांडायचं नाही,
एवढंच माझं काम.
त्या दिवशी बरंच सांडलं.

नैरोबीच्या बाई आधीच बजावून गेलेल्या:
जमिनीचा कागद दाखवा, पंप देतो,
उन्हावर चालणारा, वर दहा हजार लिटरची टाकी.
कचेरी म्हणते, जमिनीवर काही बांधलेलं दाखवा,
कागद देतो.
पंप कागदामागे, कागद पंपामागे
आणि मधे एकशे चाळीस उंट,
माना ताणून.

चाल्बीच्या या काठाला विहिरीला मालक नसतो,
हेरेगा असते. म्हणजे पाळी.
कुणाचे उंट आधी, कुणाच्या शेळ्या नंतर,
आणि वाटसरूचं गाढव सगळ्यांच्या आधी.
हेरेगा बोनायाच्या डोक्यात आहे,
त्याआधी त्याच्या बापाच्या डोक्यात होती.
चाळीस वर्षांत एकदाच चुकली.
त्या साली दोन माणसं गेली.
त्याबद्दल तो बोलत नाही.

मोजणीला ओपियो आला, तळ्याकाठचा पोरगा,
हातात उपग्रहाशी बोलणारं यंत्र.
हद्द कुठवर? त्यानं विचारलं.
तलासो म्हणाली, पाणी पिऊन निघालेल्या उंटाला
पुन्हा तहान लागते, तिथवर.
बरं, किती दिवस?
कुठल्या महिन्यात? तिनं विचारलं.
अकरा दिवस तो आमच्याबरोबर चालला.
सातव्या दिवशी बुटाचा तळ गेला,
नवव्या दिवसापासून त्यानं प्रश्न विचारले नाहीत.

तीन रात्री बोनाया सांगत होता, मी लिहीत होते.
सत्तावीस घरं, त्यांचे वार, त्यांची वळणं.
मधेच थांबून तो कागदाकडे बघायचा,
मी त्याच्या अंगातून काहीतरी उपसतेय, तसं.

चौदा महिन्यांनी कागद आला.
शिक्का जांभळा, विहिरीचं नाव चुकलेलं.
नैरोबीच्या पैशांची मुदत मार्चमध्येच संपलेली,
आता नवा अर्ज, नवे रकाने.
बोनायाची नजर तोवर गेली होती.
वाच, कबाले, म्हणाला.
मी वाचलं. सत्तावीस घरं नीट आली होती.
त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं,
गाढवाचं आलंय ना?

कचेरीनं ते गाळलं होतं.
वाटसरूला ओळखपत्राचा क्रमांक नसतो.

आलंय, म्हणाले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
वाटेत मी काही मिसळलं.

रात्री कंदील जवळ ओढला
आणि समासात, शिक्क्याला धक्का न लावता,
पेन्सिलीनं लिहिलं ते.