चुना

गॉटलंडच्या पाण्यात चुना फार.
किटलीच्या तळाशी पंधरवड्यात पापुद्रा धरतो.
रात्री व्हिनेगर ओतून ठेवते, सकाळी खरवडते.
किटलीचं बरं असतं.

उजव्या तर्जनीच्या टोकाशी पहिला खडा आला
तेव्हा वाटलं, काटा रुतलाय.
मेंढ्यांच्या लोकरीत काय काय अडकलेलं असतं.
सुईनं टोकरलं तर पांढरं आलं,
ओल्या खडूसारखं.
स्टुरे म्हणाला, टूथपेस्ट.
त्याला उपमा कधी जमल्या नाहीत,
पण ही बरोबर होती.

विस्बीला डॉक्टर हालिमोनं माझा हात धरला,
जरा जास्तच वेळ.
थंडीत बोटं पांढरी पडतात? मग निळी?
घास अडकतो?
रक्तातलं कॅल्शियम मात्र अगदी हिशेबात.
मग दूध सोडू का?
(शेजारची मायब्रिट तेच सांगत होती.)
नको, दुधाचा दोष नाही.
अंगातले पहारेकरी आपलं-परकं विसरलेत,
घरच्यांनाच दारात अडवून मारतात.
जिथं मार बसतो, तिथं साचतो चुना.

बावन्न वर्षं विणलं या हातांनी
आणि माझ्याच अंगानं मला
चुना लावला.

आता सोळा आहेत.
एक्स-रेत हात असा दिसतो
की कुणीतरी तांदूळ सांडलेत.
निवडायला बसावं म्हटलं,
तर खडा कुठला आणि दाणा कुठला,
दोन्ही मीच.

रविवारी तूवा येते, आम्ही किनाऱ्यावर जातो.
आमचा सगळा किनारा म्हणजे मेलेली प्रवाळं;
समुद्रफुलांच्या देठांच्या चकत्या
तिला माझ्याआधी सापडतात.
मला वाकता येतं, चिमटीत धरता येत नाही.
ती काड्यापेटीत ठेवते,
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवते.

मागच्या महिन्यात एक खडा आपणहून बाहेर आला,
रात्री, उशीवर.
टाकवेना. तिच्या पेटीत ठेवला.
तिनं तो लगेच ओळखला, म्हणजे
ओळखला नाही.
आजी, हा कुठला प्राणी?
गुनवोर, मी म्हटलं.
कधीचा?
अजूनचा.

परतताना वारा सुटला.
कोटाची बटणं आता स्टुरे लावतो,
चष्मा नसताना.
एक काज चुकलं होतं.
आम्हाला दोघांनाही कळलं,
फाटकापर्यंत आल्यावर.
मी काही बोलले नाही.
दिवसभर तशीच फिरले,
एका बाजूनं जरा वर ओढलेली.