जादा वजन

निघायच्या आदल्या रात्री आम्ही सगळं तोललं
इएवाच्या स्वयंपाकघरात, बटाटे मोजायच्या काट्यावर.
तंबू, चूल, दोन पातेली, चौघांत एक साबण.
विल्निसने दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने कापली,
म्हणाला, नऊ ग्रॅम वाचले,
आणि त्याच पिशवीत राईचा अख्खा पाव कोंबला.

लिएपायाच्या किनाऱ्यावर पहिल्याच सकाळी
मला एक दगड दिसला.
राखाडी, गुळाच्या लहान ढेपेएवढा.
समुद्राने घासून घासून त्याचं सगळं काढून घेतलेलं,
वजन तेवढं सोडून.
गिर्ट्स झुडपामागे गेला होता.
मी तो त्याच्या डाव्या पिशवीत सारला,
लोकरी मोज्यांच्या खाली.
बाकीच्या दोघांनी पाहिलं
आणि लगेच आकाशाकडे बघितलं.
वर क्रौंच चालले होते दक्षिणेला,
बिनसामानाचे.

या देशात डोंगर नाहीत.
इथली चढण म्हणजे वारा.
दुसऱ्या दिवशी तो उत्तरेकडून फिरला
आणि आम्ही एकामागे एक,
पुढच्याच्या पाठीच्या आडोशाला.
गिर्ट्स पुढे असला की निवांत वाटायचं.
रुंद माणूस, तीस वर्षं लाकडाच्या वखारीत.
खडीच्या रस्त्याला लाटा पडलेल्या,
दातावर दात वाजत होते.
तो मागे न बघता ओरडला,
"या वर्षी वय जाणवतंय गं!"
मी बाटली तोंडाला लावली.
तहान नव्हती.

पाविलोस्ताच्या पुढे एका फाटकाशी
टेबलावर सफरचंदं मांडलेली,
शेजारी नाण्यांची बरणी, पहारा कुणाचाच नाही.
आम्ही पैसे टाकतोय तोवर म्हातारी बाहेर आली,
हातात बुरशीच्या छत्र्यांची टोपली, पायात मुलाचे बूट.
गिर्ट्सच्या सायकलकडे बघून म्हणाली,
"डावीकडे झुकतेय."
"सायकल नाही, मी झुकतोय," तो म्हणाला.
त्याचा गुडघा संध्याकाळपर्यंत
उकडलेल्या बिटासारखा झाला.

त्या रात्री चुलीवर करडे वाटाणे शिजता शिजेनात.
गिर्ट्सने झाडांना ऐकवावं तसं सांगितलं,
की पुढच्या वर्षी तो येणार नाही बहुतेक.
सायकल भाच्याला देईन म्हणाला.
इएवा ढवळत राहिली.
मी म्हटलं, तुझा तंबू उद्यापासून माझ्याकडे दे.
म्हणायचं होतं दुसरंच.
ते जिभेशी आलं आणि
वाटाण्यासारखंच कच्चं राहिलं.

मग दोन दिवस मी दोन तंबू ओढले.
पाइनच्या सुया, वाळू, पुन्हा पाइन.
पाय शिसं झाले, आणि मला बरं वाटलं,
फेड चालू आहे असं वाटून.

कोल्काच्या टोकाला जमीन संपते.
दोन समुद्र तिथे समोरासमोर येतात,
त्यांच्या लाटा तिरक्या आदळतात,
अरुंद दारात दोघं एकदम शिरावेत तशा.
तिथे मी सांगितलं. एका दमात,
पाण्याकडे बघत.

गिर्ट्स म्हणाला, "माहीत आहे."
मोजे पहिल्याच रात्री काढले होते त्याने. थंडी होती.
"दोन दिवस वाहिला,
म्हटलं बघू, कधी सांगतेस.
मग तू तंबू मागितलास.
तेव्हा दगडही दिला तुला."

विल्निस वाळूत आडवा झाला हसून हसून.
मी पिशवी उपडी केली.
तळाशी, माझ्याच रेनकोटमध्ये गुंडाळलेला,
ओळखीचा चेहरा केलेला दगड.

"मग गुडघा?" मी विचारलं.
"दगड गेला त्याला दोन दिवस झाले," तो म्हणाला.
"गुडघा आहे तसाच."
आणि खाली बसून
बूट काढू लागला, सावकाश,
जणू त्यातही काही सापडणार होतं.

दगड समुद्रात टाकायचा म्हणून उचलला.
कुठल्या समुद्रात, ते ठरेना.
बसमध्ये तो माझ्या मांडीवर होता.
रीगा येईपर्यंत गिर्ट्स झोपला,
खांदा माझ्यावर टाकून,
सगळं वजन देऊन.