फुटामागे एक सूत

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये
लाकडाच्या भुशाखाली एक कॉम्प्युटर होता.
विंडोज उघडेपर्यंत चहा निवायचा.
भंगारात द्यायला काढला तेव्हा
इर्शाद शिकलगार म्हणाला, वहिनी, थांबा.
त्याचे आजोबा कात्र्यांना धार लावत फिरायचे.
यानं एक पेनड्राइव्ह खुपसला, पाऊण तास खटपट केली,
लिनक्स घातलं
आणि नुसत्या चहावर उठला.

पहिले चार दिवस मी घाबरून.
काळा पडदा, पांढरी अक्षरं,
पासवर्ड लिहिताना एक ठिपकासुद्धा उमटेना.
वाटलं, कीबोर्ड गेला.
इर्शाद फोनवर हसला :
लिहीत राहा, त्याला दिसतंय.

सासरे, हिंदुराव सुतार, पॅटर्नमेकर.
सागवानातून पंपाची पोटं कोरता कोरता
पाठीला बाक आलेला माणूस.
त्यांची ड्रॉइंग मी फोननं स्कॅन करायची,
ती कुठल्यातरी ढगात जाऊन बसायची.
एक दिवस ढग म्हणाला, जागा संपली,
दर महिन्याला पैसे भरा.
मामा रंधा थांबवून म्हणाले,
"भाड्याच्या खोलीत खिळा मारायचा तरी
मालकाला इचारावं लागतंय.
आपली शेड हाय की."

म्हणून नेक्स्टक्लाउडचं कपाट त्याच जुन्या डब्यात मांडलं.
डिस्क आणायला निघाले तर विचारलं, माल किती हाय?
म्हटलं, दोनशे जीबी.
"मग पाचशेची आण.
वतलेलं लोखंड आटतंय पोरी,
पॅटर्न फुटामागं एक सूत मोठा धरायचा."
मामा, हे आटत नाही, फुगतं.
"मग तर हजाराची आण."

क्रॉन नावाचा एक राखणदार आहे.
रात्री दोनला उठतो,
सगळ्या ड्रॉइंगांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतो,
इकडे जे नाही ते तिकडूनही पुसतो,
आणि गप्प झोपतो.
तिसरी डिस्क गडहिंग्लजला, नणंदेकडे, ज्वारीच्या कणगीशेजारी.
दिवाळीला ती माहेरी येते तेव्हाच ताजी होते.
पंचगंगा शाहूपुरीत शिरते
तेव्हा कुणाला विचारून शिरत नाही.

आरएमसुद्धा विचारत नाही.
सोमवारी, कारखान्यांच्या सुट्टीला,
जुन्या फायली काढायला बसले.
फोल्डरचं नाव आणि चांदणी यांच्यामध्ये
अंगठा जरा जास्त टेकला, एक मोकळी जागा पडली,
एवढंच.
खरंच का, नक्की का, काही नाही.
कर्सर लुकलुकत पुढच्या ओळीवर जाऊन उभा.
कचऱ्याचा डबा शोधला. डबाच नव्हता.

रात्री साडेदहाला इर्शाद जेवता जेवता म्हणाला,
वहिनी, रडू नंतर. घड्याळ बघा.
दोनला क्रॉन उठला तर नक्कल पण रिकामी करंल.
आधी त्याच्या ओळीपुढं जाळीचं चिन्ह टाका, झोपू दे त्याला.
मग आरसिंक उलटं चालवा, तिकडनं इकडं.
आणि एंटर मारायच्या आधी
मला ओळ वाचून दाखवा.
मी वाचली. त्यानं पुन्हा वाचायला लावली.

मामा स्टुलावर बसून राहिले.
पडद्यावरून नावं खाली पळत होती :
बेअरिंगचं घर, चरकाचं चाक, गूळ कढईचा कान.
ते मधूनच म्हणायचे,
ही तर इचलकरंजीच्या पार्टीची.
बारा वाजून गेले. चार हजार एकशे सत्तावीस.

एक आलं नाही.
सकाळीच स्कॅन केलेला इंपेलर, सात पात्यांचा.
आणि वाळवीनं खाल्लेला तो कागद
घंटागाडीत मीच टाकलेला.

मामांनी त्यांची फूटपट्टी काढली,
जिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून सूतभर लांब आहे.
पेन्सिलीला पटाशीनं टोक केलं.
पाचव्या पात्यापाशी हात थरथरला,
रेघ जाड आली.
खोडू का, म्हणाले.
मी म्हटलं, नको.

आता क्रॉन दुपारी जेवणाच्या भोंग्यालाही उठतो.